थांबलेली आणि उभी

मी एक जुना रडार आहे, मित्रांनो, आणि आधीच खरं सांगून टाकतो. मला डोळे नाहीत. सगळ्यांना वाटतं असतील. विमानतळावर गोल गोल फिरतात ना, ते माझे थोरले काका. मी अगदी छोटा. वहीच्या निम्म्या आकाराची काळी डबी, गाडीच्या नाकावरच्या जाळीमागे बसवलेली. सध्या मात्र मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये फळीवर पडून आहे. एका बाजूला गंजक्या नटबोल्टांचा डबा, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी फुटका आरसा. माझ्या झाकणाला मधोमध तडा गेलाय. तो कसा गेला तेच सांगायचंय. पण एकदम नाही जमायचं, पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून काम करायची. त्यांनी माझ्या पोटात तांब्याच्या बारीक रेषांची पट्टी बसवली, वर झाकण चिकटवलं आणि मला दुसऱ्या एका खोलीत नेलं. तिच्या भिंतींना सगळीकडे निळ्या स्पंजचे सुळके होते. तिथे मी आयुष्यातली पहिली हाक मारली. परत काहीच आलं नाही. स्पंज सगळं गिळून टाकत होता. खरं सांगतो, मी घाबरलो. जगात आपण एकटेच, असं वाटलं. मग तपासणाऱ्या बाईंनी समोर पत्र्याचा एक तिकोना ठेवला, आणि माझी हाक ठणकन परत आली.

"हं, ऐकू येतंय याला," बाई म्हणाल्या. "आता नाक सरळ ठेवायचं हं बाळा. एक अंश वाकडा बसलास तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटर चुकशील."

एवढंच माझं शिक्षण.

माझं कामही तेवढंच. मी हाक मारतो आणि समोरची वस्तू ओ देते. माझी हाक तुम्हाला ऐकू येत नाही, ती रेडिओच्या जातीची. ओ किती वेळाने आली यावरून मला कळतं, वस्तू किती लांब आहे. आणि ओ कुठल्या सुरात आली यावरून कळतं, ती जवळ येतेय की लांब जातेय. रुग्णवाहिका तुमच्याकडे येताना तिचा भोंगा चिरका वाटतो, पुढे गेली की जाडा होतो, अगदी तसं. पुढची गाडी हळू झाली की तिच्या ओचा सूर चढतो. मी लगेच आतल्या साहेबाला सांगतो. आतला साहेब म्हणजे माझ्यामागची चिप. तो ब्रेकला सांगतो आणि गाडी आपोआप हळू होते. चालवणाऱ्याने वेग ठरवून द्यायचा आणि पाय मोकळे सोडायचे.

माझा मालक चष्मेवाला होता. बाजारात त्याचं दुकान, बाहेर लाकडी पाटीवर रंगवलेला मोठा चष्मा. दर आठवड्याला तो लांबच्या गावांना डोळे तपासायला जायचा, म्हणून त्याने ही गाडी घेतली. घ्यायला तिघं आली होती. तो, त्याची बायको, आणि तेरा वर्षांची मुलगी. मुलीला घरात सगळे शंका म्हणायचे, कारण तिला प्रत्येक गोष्टीत एक असायचीच.

शोरूमवाला जिभेवर साखर ठेवून बोलत होता. "साहेब, पुढची गाडी थांबली की ही थांबणार. पाय लावायचं काम नाही."

"आणि ती गाडी आधीपासूनच उभी असेल तर?" शंकाने विचारलं.

"उभी काय नि थांबलेली काय, ताई, एकच की!"

सगळे हसले. शंकाही हसली. चष्मेवाल्याने सही केली.

मित्रांनो, एकच नाही. माझी सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे, म्हणून इथे जरा थांबून ऐका. रस्त्यावर उभं काय काय असतं? विजेचे खांब, पाट्या, पूल, कठडे, गटाराची झाकणं, कुणी फेकलेला पत्र्याचा डबा. मी पळत असलो की हे सगळं माझ्याच वेगाने माझ्या अंगावर येतं, आणि सगळेच मला ओ देतात. खांब आणि गाडी यांच्यातला फरक मला धड कळत नाही. प्रत्येक पाटीला ब्रेक मारला तर मागचे आमच्यावर येऊन आदळतील. म्हणून आतल्या साहेबाने नियम केलाय. पुढे चालत असलेली गाडी आमच्या देखत थांबली, तर ती थांबलेली गाडी. तिला आम्ही धरून ठेवतो, सोडत नाही. पण जे आम्ही कधी हलताना पाहिलंच नाही, ते उभं. वेगात असताना उभं म्हणजे रस्त्याचं सामान. सोडून द्या. माझ्यानंतर आलेल्या भावंडांना जोडीला कॅमेरा मिळाला, त्यांना थोडं जास्त कळतं. मी मागच्या पिढीचा.

हे सगळं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात. पुस्तक समोरच्या कप्प्यात गेलं, त्यावर गोळ्यांची पाकिटं आणि फडकी गेली. दिवसभर लोकांना "खालची ओळ वाचा" म्हणणाऱ्या माणसाने ते कधी उघडलं नाही.

तुम्ही म्हणाल, तुला डोळे नाहीत, कानही नसणार, मग घरातलं बोलणं तुला कसं कळलं? अहो, भिंतींनाही कान असतात म्हणतात, मी तर बंपरमध्ये होतो.

पहिल्या दिवशी रस्त्याला लागलो आणि दहा मिनिटांत मला त्या गाडीतलं सगळ्यात जुनं वाक्य ऐकू आलं.

"अहो, पुढे बघा."

बायको शेजारी बसली होती. पुढे कुणीतरी सायकल आडवी घातली होती.

"बघतोय गं," चष्मेवाला म्हणाला.

पाच मिनिटांनी परत. "अहो, पुढे बघा."

"बघतोय गं, बघतोय."

एका फेरीत वीसपंचवीस वेळा व्हायचं हे. मागून शंका म्हणायची, "आई, तू कॅसेट लावून का ठेवत नाहीस?" पण मला ते फार ओळखीचं वाटायचं. एक हाक मारतंय, दुसरं ओ देतंय. माझंच काम की ते! ती बाई माझ्या आधीपासून, लग्न झाल्यापासून ते करत होती, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. कुत्रं रस्त्यात येणार हे तिला कुत्र्याच्या आधी कळायचं.

माझ्या कौतुकाचेही दिवस आले. एका सकाळी दाट धुकं होतं. काचेबाहेर सगळं दुधासारखं. दोघांनाही काही दिसेना. पुढे एक बस जात होती, ती अचानक हळू झाली. धुक्याचा मला फारसा त्रास होत नाही. मी साहेबाला सांगितलं, ब्रेक लागला, आणि आमचं नाक बसच्या मागे सहा हातांवर थांबलं. मग चष्मेवाला खाली उतरला, खिशातून चष्मे पुसायचं मऊ फडकं काढलं आणि माझं झाकण पुसलं. गिऱ्हाइकाची काच पुसावी तसं. गोल गोल, बोट न लावता.

"माझे दोन, चष्म्याचे दोन, आणि हा पाचवा," तो म्हणाला. "पाचव्या, तू होतास म्हणून वाचलो रे बाबा."

तेव्हापासून मी पाचव्या. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आता वाटतं, त्याच दिवशी सगळं बिघडलं.

एकदा शंकाने माझ्यावर चमकणारी चांदणी चिकटवली, मी छान दिसावा म्हणून. त्या चकचकीत चांदणीतून माझी हाक बाहेरच जाईना. आत लाल दिवा लागला. चष्मेवाल्याने गाडी बाजूला घेतली, पुढे येऊन बघतो तर ही चांदणी.

"झालं!" बायको खिडकीतून म्हणाली. "दुसऱ्यांचे डोळे तपासत फिरता, आणि तुमच्याच पाचव्याला मोतीबिंदू!"

ती हसायला लागली की थांबायची नाही. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी पोचेपर्यंत मधूनच आठवून हसत होती.

गावांना गेल्यावर ती त्याच्याबरोबर काम करायची. शाळेच्या व्हरांड्यात अक्षरांचा तक्ता टांगायचा, तो काचा बदलायचा, ती नंबर लिहायची. म्हातारी माणसं लाजेने अंदाज मारायची. तेव्हा ती म्हणायची, "आजोबा, अंदाजाने नको. दिसतं तेवढंच सांगा. नाही दिसत म्हणायला लाजायचं कशाला?" मी बाहेर उभा राहून ऐकायचो. मलाही असं सांगता आलं असतं तर! साहेब, मला हे नीट कळत नाहीये. एवढंच.

हळूहळू त्या गाडीतली ओ बदलली. ती म्हणायची, "अहो, पुढे बघा," आणि तो म्हणायचा, "पाचव्या बघतोय." पहिल्यांदा गंमत म्हणून. मग सवयीने. मग त्याने तेही म्हणणं सोडलं, नुसतं "हं". तिच्या हाका मात्र चालूच होत्या. तिचा उजवा पाय पायपोसावर दाबला जायचा, जणू तिथे तिचा ब्रेक होता.

चार वर्षं गेली. एका रविवारी चष्मेवाल्याची बहीण गाडीत होती. ती थट्टेखोर. वाटेत बायको दोनदा "पुढे बघा" म्हणाली, तशी बहीण म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर बसल्या बसल्या गाडी चालवता!"

"अगं, बिनपगारी ड्रायव्हर आहे ती," चष्मेवाला म्हणाला. "पाचव्या आला तशी तिची नोकरी गेली. पण अजून ड्यूटीवर येते."

बहीण खो खो हसली. तोही हसला. शंका कानात गाणी घालून बसली होती.

"बरं," बायको म्हणाली. "गेली तर गेली. आता नाही बोलणार, वन्सं. तुमच्या दादाला पाचव्या आहे."

हसत म्हणाली ती. मला वाटलं उद्या विसरेल. ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशी नाही बोलली. तिसऱ्या दिवशीही नाही. खिडकीबाहेर बघत बसायची. फक्त पाय दाबत राहायची. चष्मेवाल्याला वाटलं, बरं झालं, शांत झाली. माणसाला शांतता झाली की बरं वाटतं. मला नाही वाटत. त्या निळ्या स्पंजच्या खोलीची आठवण होते.

तो दिवस साधा होता. दुपारचे चार. दोघंच परत येत होती, शंका कॉलेजात होती. रस्ता सरळ, ऊन स्वच्छ. चष्मेवाल्याने ताशी शंभरचा वेग लावून दिला होता, पण पुढे निळी ताडपत्री घातलेला उंच ट्रक ऐंशीने चालला होता, म्हणून मीही त्याच्यामागे ऐंशीने. सगळं नियमाप्रमाणे. त्याच्या चष्म्यावर धूळ बसली होती. त्याने चष्मा काढला, तेच मऊ फडकं घेतलं आणि मांडीवर धरून काच पुसायला लागला. एका हाताचं कोपर स्टिअरिंगवर. रोजची सवय. पाचव्या बघतोय ना.

आणि ट्रक झटकन बाजूच्या लेनमध्ये गेला.

त्याच्या आड एक टेम्पो होता. चाक पंक्चर झालेला, मधल्या लेनमध्ये उभा. त्याचा ड्रायव्हर कडेला जॅक काढत होता. मी हाक मारली. टेम्पोने ओ दिली, चांगली ठणठणीत. ऐंशी मीटर. मी साहेबाला सांगितलं, पुढे काहीतरी आहे. साहेबाने विचारलं, याला कधी हलताना पाहिलंस? मी म्हणालो, नाही, आत्ताच दिसला. साहेब म्हणाला, मग उभं आहे, सोड. ट्रक गेला, रस्ता मोकळा, ठरलेला वेग शंभर.

मित्रांनो, मी ब्रेक लावला नाहीच. वर वेग वाढवला.

तिने टेम्पो ट्रक सरकताक्षणीच पाहिला असणार. तिने श्वास घेतला तो मी ऐकला. आणि तो श्वास तिने तसाच धरून ठेवला. एक सेकंद. एकच. त्या सेकंदात तिच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही. दिसतं तेवढंच सांगायचं. मग ती ओरडली, "अहो—"

पुढचं राहिलं.

त्याने मान वर केली, चष्म्याशिवाय समोरचं सगळं धुरकट, तरी स्टिअरिंग ओढलं. गाडी थोडी वळली. त्याची बाजू सुटली. तिची नाही सुटली.

गाडी मिस्त्रींच्या आवारात ओढून आणली. मी बंपरबरोबर वायरीला लोंबत होतो. तीन आठवड्यांनी चष्मेवाला आला, हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. कप्प्यातलं सामान न्यायला आला होता. गोळ्यांची पाकिटं काढली, फडकी काढली, आणि खाली ते पुस्तक. कोरं. पानंही एकमेकांना चिकटलेली. तिथेच आडव्या पडलेल्या टायरवर बसून त्याने ते उघडलं. बोट फिरवत फिरवत वाचत गेला, आणि एका पानावर बोट थांबलं.

"मिस्त्री, हे वाचा जरा. मोठ्याने."

"मला कुठं एवढं बारीक दिसतंय साहेब. तुमच्याकडूनच चष्मा घ्यायचाय."

मग त्यानेच वाचलं. "आधीपासून उभ्या असलेल्या वाहनांसाठी ही यंत्रणा ब्रेक लावेलच असे नाही. चालकाने सतत समोर लक्ष ठेवावे." परत वाचलं. मग म्हणाला, "शंकाने विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. पोरीने विचारलं होतं हो."

काहीतरी करावं म्हणून मिस्त्री गाडीतले पायपोस बाहेर काढून झटकायला लागले. शेजारच्या सीटचा हातात घेतला आणि थबकले.

"हे काय? इथं भोक कसं पडलंय? इथं तर ब्रेक नसतो."

पायपोसाला उजव्या बाजूला, टाचेएवढं, आरपार. चष्मेवाल्याने तो हातात घेतला. भोकावर अंगठा फिरवला. गोल गोल, काच पुसावी तसा.

"ती 'अहो' म्हणाली, मिस्त्री," तो म्हणाला. "तेवढंच म्हणाली. 'पुढे बघा' म्हणालीच नाही. मीच तिला... मीच म्हणालो होतो, नोकरी गेली."

"साहेब, नका असं."

"एक क्षण आधी म्हणाली असती. रोज म्हणायची."

मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. जाताना तो माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं लाथ मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "तुला तरी काय बोलणार रे," आणि पायपोसाची गुंडाळी काखेत मारून निघून गेला.

गाडी भंगारात गेली. मिस्त्रींनी मला काढून फळीवर ठेवलं, कशाला कोण जाणे. मला आता कुणी वीज देत नाही, म्हणून हाका बंद. पण सवय जात नाही.

परवा एक जुनी, बिनरडारची, हाताने गिअर टाकायची गाडी आवारात आली. शंका चालवत होती. एकोणीसची झाली, लायसन नवं कोरं. शेजारी चष्मेवाला. गाडीचं काहीतरी किरकोळ होतं. काम झालं, ती गाडी मागे घेऊन वळवायला लागली. फाटकाजवळ मिस्त्रींचा हातगाडा होता. रोज तिथेच असतो.

"शंके, पुढे बघ."

"बघतेय, बाबा."

"तो हातगाडा..."

"बघतेय. उभाच आहे तो."

"उभाच आहे म्हणूनच सांगतो."

ती हसली नाही. "हो बाबा, बघतेय," परत म्हणाली, आणि हातगाड्याला वळसा घालून बाहेर पडली. काच खाली होती, म्हणून रस्त्याला लागल्यावरही मला ऐकू येत होतं. पुढे बघ. बघतेय. गाडी दुसरी होती, चष्मेवाल्याच्या पायाखालचा पायपोस मात्र तोच जुना. त्याला टाचेएवढं भोक होतं.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला एखाद्या वेळी पुसलंत, माझ्यावर चांदण्या चिकटवल्या नाहीत, तर पुरे. माझ्यासारखे पुष्कळ आहेत तुमच्या आईवडलांच्या गाड्यांत, बिचारे प्रामाणिक आहेत, थांबलेल्या गाडीपाशी थांबतात. पण उभ्या गाडीचं त्यांना विचारू नका. ते तुम्ही बघा. आणि शेजारी बसलेलं माणूस म्हणालं, पुढे बघा, तर ते शंभराव्यांदा म्हणत असलं तरी हसू नका, मला पुढे करू नका.

हाक आली की ओ द्या.